संशय कोणावर आणि कशावरून

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दहशतवादविरोधी कायदे आणि अल्पसंख्याकांचे हक्क यावर ठाण्यात बोलायचं, तर इथल्या गडकरी रंगायतन नाट्यगृहापासूनच सुरुवात करायला हवी. ४ जून २००८ ला तिथल्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, सात जण जखमी झाले. त्याच्या काही दिवस आधी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातही बॉम्ब सापडला होता. एका नाटकावरच्या रागातून हे घडवलं, असं तपासात पुढे आलं. पकडलेले आरोपी हिंदू होते. २०११ मध्ये न्यायालयानं दोघांना शिक्षा दिली, चौघांना सोडलं.

आता मला सांगा, तेव्हा नौपाड्यातल्या एखाद्या हिंदू कुटुंबाला कोणी विचारलं का, की तुमच्या देवळात काय शिकवतात? त्या कारणानं कोणाला भाड्याचं घर नाकारलं गेलं? नाही, आणि ते योग्यच झालं. ज्यांच्यावर आरोप होता, त्यांच्यापुरता तपास राहिला. खाडीपलीकडच्या मुंब्र्यालाही हाच न्याय लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून जीव मुठीत धरून आलेली कितीतरी मुसलमान कुटुंबं तिथं वसली. कुठंही स्फोट झाला की त्यांनीच आधी आपली निष्ठा सिद्ध करायची, हे कोणत्या कायद्यात बसतं?

काही जण म्हणतात, सुरक्षा हवी असेल तर हक्कांना थोडी कात्री लावावीच लागेल. मला हे मुळातच मान्य नाही. ११ जुलै २००६ चे लोकलमधले सात स्फोट आठवा. त्यातला एक आपल्याच जिल्ह्यात, मीरा रोड-भाईंदरजवळ झाला. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यातल्या पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. न्यायालयाला दिसलं ते असं: कबुलीजबाबांतला मजकूर जागोजागी एकसारखा होता. आरोपींना ओळखणारे साक्षीदार टॅक्सीवाले शंभरहून अधिक दिवस गप्प होते, आणि मग अचानक त्यांना चेहरे आठवले. ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं, इतर खटल्यांत हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, एवढ्यापुरती त्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जाण्याची गरज नाही, असंही सांगितलं. बारांपैकी एक जण मात्र निकालाआधीच कैदेत वारला होता.

आणि ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांच्या हाती काय आलं? बॉम्ब कोणी ठेवले, याचं उत्तर इतक्या वर्षांनीही नाही. मारझोड करून घेतलेल्या कबुलीनं खरा गुन्हेगार सापडत नाही, तो निसटतो. हक्क पाळणं हा चांगल्या तपासाचाच भाग आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा. त्याचं कलम ४३-ड बघा. आरोपपत्राआधी १८० दिवसांपर्यंत कोठडी. पुढे जामिनाच्या वेळी न्यायाधीशांसमोर मुख्यतः पोलिसांचीच कागदपत्रं असतात. त्यांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, की जामीन नाही. त्या कागदांची खोलात जाऊन छाननी त्या टप्प्यावर करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालानं सांगितलं. २०२१ च्या नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयानंच थोडी वाट मोकळी केली: खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील, तर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं जामीन देऊ शकतात. पण तो आरोपी तोवर पाच वर्षांहून जास्त काळ आत होता!

धर्मस्वातंत्र्याचंही तसंच. घटनेच्या २५ व्या कलमात सार्वजनिक सुव्यवस्थेची अट आहे आणि ती असायलाच हवी. स्फोटकं साठवणाऱ्याला धर्माची ढाल मिळता कामा नये. पण नमाज, दाढी, टोपी हा पुरावा नव्हे.

आपल्याच जिल्ह्यातली भिवंडी १९८४ च्या दंगलीत होरपळली होती. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि हद्दीतला पोलीस एकत्र बसायचे, नळावरच्या भांडणापासून सगळं बोलायचे. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलिसाची धास्ती वाटत असेल, तर गल्लीतल्या संशयास्पद हालचालीची खबर त्याला कोण देणार?

विधी आयोगानं २०१८ च्या २७७ व्या अहवालात, चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून स्वतंत्र कायदेशीर तरतूद सुचवली आहे. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्या अहवालाचं पुढे काय झालं ते विचारा.