पी०१७१ आणि आमच्या पार्किंगमधला उंदीर

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय गाडीचे फॉल्ट कोड कसे वाचायचे, वेळ दिलीय वीस मिनिटं, त्यातली पाच सेक्रेटरींनी माझी ओळख करून देण्यात घालवली, त्यामुळे राहील ते राहील.

माझं म्हणणं इतकंच की कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, ही तक्रार असते, निदान नाही. नातू म्हणाला पोट दुखतंय तर आपण आधी विचारतो काय खाल्लंस, कधीपासून दुखतंय. गाडीला कोणी विचारत नाही, थेट पार्ट बदलतात.

माझंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात तो पिवळा इंजिनाचा दिवा लागला. गाडी पळायची नीट, सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. गॅरेजचं नाव नाही सांगत, त्यांचं एक गिऱ्हाईक दुसऱ्या रांगेत बसलंय. पोराने स्कॅनर लावला, पी०१७१. म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. आता हे कळतं कशावरून, तर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून. झालं, 'काका, सेन्सर गेला'. अहो, चोर आला म्हणून ओरडणाऱ्या वॉचमनलाच कामावरून काढलं की! सेन्सर बदलला, कोड पुसला, आठवड्यात दिवा परत. मग इंजेक्टर क्लीनिंग, परत दिवा. मग फ्युएल पंप बदलू म्हणाले, तेव्हा आमची ही म्हणाली, गाडी दुरुस्त करताय की सुट्या भागांतून नवीन जुळवताय?

शेवटी घरीच बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून टॉर्च घेऊन उभा राहिलो. बारीक स्स्स आवाज. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, पुढची रबरी व्हॅक्यूमची नळी उंदराने कुरतडलेली! एअर फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा तिथून आत, मग मिश्रण लीन होणारच. पावसात उंदीर कोमट इंजिनाशी येऊन बसतात. (तंबाखू ठेवा सांगतात, ठेवली, आमचा बहुतेक खाणारा निघाला.)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटापट.

स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची यंत्रणा, बंधनकारक आहे, त्यात ब्लूटूथचा छोटा रीडर लावा आणि मोबाइलवर बघा. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, पुढचा ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा कोड, १ असेल तर बहुतेक त्या कंपनीचा स्वतःचा, नंतरचा ३ म्हणजे इग्निशन-मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, म्हणून पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. मग त्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल दुसऱ्याला लावून बघा, कोड तिकडे गेला तर कॉइल गेली, एक पैसा खर्च नाही. कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, दोष आला तेव्हा स्पीड किती, इंजिन किती गरम, सगळं त्यात असतं आणि पुसलं की जातं. लीन कोडला फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय. माझा आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, अधिक २५ च्या आसपास होता, २५०० आरपीएमला ६ वर आला, म्हणजे व्हॅक्यूम लीक. उलट लोड आल्यावर वाढत गेला असता तर पंप किंवा फिल्टर. आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, जोराचा मिसफायर आहे, न जळलेलं पेट्रोल जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतो.

हो हो, थांबतो. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड, आलेल्यांनी कन्व्हर्टर बदलू नका अजून, चहाच्या वेळी भेटा.