मजकूर बाहेर कसा पडतो ते बघा

नमस्कार. विषय तुम्ही दिलाय 'व्यावसायिक कामासाठी कुठला वर्ड प्रोसेसर चांगला', आणि समोर बसलेत अनुवादक, मुद्रितशोधक, संपादक, मागच्या रांगेत कॉम्प्युटरवर पानं लावणारे चार-पाच डीटीपीवाले पण दिसतायत, त्यामुळे वर्ड म्हणजे काय, फाइल सेव्ह कशी करायची असल्या गोष्टींत वेळ घालवत नाही. वर्ड, लिब्रेऑफिस, गुगल डॉक्स आणि इनडिझाइन, या चौघांबद्दल बोलायचं कबूल केलंय आणि बोलणार आहे. पण त्याआधी माझं एक म्हणणं आहे, ते ऐकून घ्या. आपण प्रोग्रॅम निवडताना काय बघतो? टाइप करायला सोपं आहे का, बटणं ओळखीची आहेत का, फुकट मिळतं का. म्हणजे मजकूर आत कसा जातो एवढंच बघतो. मी म्हणतो तो बाहेर कसा पडतो ते बघा. दहा वर्षांनी, दुसऱ्या मशिनवर, अनोळखी माणसाच्या हातात तुमची मराठी मराठीच राहते का, हे ज्याला नीट जमतं तो चांगला वर्ड प्रोसेसर. बाकी सगळं सवयीचं असतं.

एक काम आलं होतं माझ्याकडं. एका तालुक्याच्या इतिहासाचं पुस्तक, नव्वदच्या दशकात छापलेलं, लेखक आता हयात नाहीत, आणि मुलीला नवी आवृत्ती काढायची होती. त्यांच्याकडं छापखान्यानं दिलेली सीडी होती, जपून ठेवलेली, कव्हरवर वडिलांच्या अक्षरात पुस्तकाचं नाव. त्यांना वाटलं सगळं पुस्तक आहेच की यात. सीडी चालली, हे नशीब. आत पेजमेकरची, म्हणजे तेव्हा छापखान्यात पानं लावायला वापरायचे त्या प्रोग्रॅमची फाइल. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह. मराठीचा टिपूस नाही. कारण ज्या फॉन्टमध्ये केलं होतं तो फॉन्ट त्या मशिनवर नव्हता, आणि तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा ते चालवायला प्रिंटर पोर्टला एक लॉक लावायला लागायचं, आठवत असेल मागच्या मंडळींना. (मागून आवाज: आमच्याकडं आहे अजून!) असेल, पण तो पोर्ट असलेला कॉम्प्युटर आहे का? तर तो छापखाना बंद, लॉक कुणाकडं गेलं पत्ता नाही, फॉन्ट एका ओळखीच्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर सापडला. फॉन्ट टाकल्यावर पान दिसायला लागलं, बाई डोळे पुसायला लागल्या, आणि मला मात्र पुढचं माहीत होतं, की दिसतंय ते नुसतं दिसतंय.

म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये जागा जेमतेम २५६, आणि आपल्याला पाहिजेत अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, तेव्हा प्रत्येक कंपनीनं आपापल्या सोयीनं ती अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवली. एकाचा क दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये भलतंच काहीतरी. फाइलमध्ये 'मराठी' हा शब्द कुठंही नसतोच, असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना फक्त मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. शोधता येत नाही, दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. आणि याचा जास्त राग यासाठी येतो की रस्ता तेव्हाही माहीत होता. भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण इन्स्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ चा, अक्षराला दिसण्यावरून नाही तर उच्चारावरून क्रमांक द्यायचं इस्की हे मानक १९९१ चं, कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानाचं काम करणारी सरकारी संस्था सी-डॅक तर इथलीच, पुण्यातली. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारं मानक, त्याची पहिली आवृत्ती पण १९९१ चीच आणि तिच्यातली देवनागरी इस्कीवरूनच घेतलेली. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट देवनागरी आली. पण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही, २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची, आणि छापखाने त्याच पेजमेकरवर राहिले, अजूनही काही आहेत. का, तर ऑपरेटरचा हात बसलाय. हात बसलेल्या माणसाला मी दोष देत नाही, रात्र रात्र बसून पुस्तकं त्यांनीच काढलीत. पण त्या सवयीपायी एका पिढीचं लिखाण कुलुपात गेलं, त्याचं काय करायचं?

तर त्या पुस्तकाचं. फाइल कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली. रफार गळले. 'वर्ष'चं 'वष', 'कीर्तन'चं 'कीतन'. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे जोडाक्षर असेल तिथं वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली. आणि डोंगराळ तालुका तो, पानापानावर दऱ्याखोऱ्या, त्यांचं झालं 'दर्याखोर्या', म्हणजे सह्याद्रीतला माणूस एकदम समुद्रात. (हशा) शेवटी छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचली. आता ते पुस्तक युनिकोडमध्ये आहे, एखाद्या गावाचं नाव टाकलं की सापडतं, आणि बाईंनी पहिल्यांदा त्यांच्या आजोळचंच गाव शोधलं.

यावर कुणी म्हणेल आता सगळे युनिकोडच वापरतात, प्रश्न मिटला. नाही मिटला. दऱ्यामधला तो अर्धा र युनिकोडमध्येच दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक ऱ हे अक्षर घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारा जोडक घालून. दिसायला सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. 'ॲप'चं तसंच. सुटा ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्याआधी सगळे अ ला चंद्र जोडायचे, आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. तुम्ही एक तऱ्हा शोधता, दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेले सगळे शब्द तसेच राहतात आणि शोधणारा म्हणतो नाहीये. घरी गेल्यावर करून बघा, वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, त्याचा कोड दिसतो, परत दाबलं की अक्षर परत येतं. एका 'ॲ'ला ०९७२ दिसेल, दुसऱ्याला ०९४५. तीन अनुवादकांनी मिळून केलेलं पुस्तक असेल तर संपादकानं पहिलं काम हे करावं, शुद्धलेखन नंतर.

बरं, दहा मिनिटं राहिल्याची खूण होतेय, तेव्हा आता भराभर सांगतो.

वर्ड. प्रकाशक, संस्था, कोर्ट, सगळीकडं वर्डची डीओसीएक्स फाइल चालते, आणि दुरुस्त्या दाखवणारं ट्रॅक चेंजेस अजून वर्डइतकं पक्कं कुणाचं नाही. संपादनाचं काम असेल तर हेच घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा, वर्ड मराठीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट, म्हणजे जोडाक्षरं-वेलांट्यांची गुंतागुंतीची लिपी समजतो आणि तिचा फॉन्ट, तिचा साइझ वेगळा धरतो. स्टाइलमध्ये, म्हणजे मजकुराच्या ठरवून ठेवलेल्या रूपात साइझ बदलला आणि मराठी हललीच नाही, असं झालं की वर्ड बिघडला म्हणू नका, फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा वेगळा रकाना आहे तिथं बदला.

लिब्रेऑफिस फुकट आहे म्हणून नाही, त्याचा ओडीएफ हा फाइलप्रकार २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक आहे म्हणून मी माझी मूळ प्रत त्यात ठेवतो. सेटिंगमध्ये सीटीएल, म्हणजे कॉम्प्लेक्स लिप्यांची सोय चालू करून भाषा मराठी द्या, मग ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. शोधा-बदला त्याचं जबरदस्त आहे, रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्दाऐवजी नमुना देऊन शोधायची सूत्रं चालतात, मघाचे दोन ॲ एका फटक्यात एक करता येतात. पण वर्डवाल्या संपादकाशी फाइल सारखी इकडं-तिकडं करणार असाल तर तक्ते आणि समासातल्या टिपा दर वेळी तपासा.

गुगल डॉक्स तिघा-चौघांनी एकत्र मसुदा करायला उत्तम, मराठीत बोलून लिहिता येतं, ज्येष्ठ लेखकांसाठी तर वरदान आहे. पण स्वतःच्या परिच्छेद-स्टाइल बनवता येत नाहीत, त्यामुळे कविता, उतारा, तळटीप असलेलं मोठं पुस्तक तिथं शेवटपर्यंत नेऊ नका.

इनडिझाइन हे लिहायचं साधन नाहीच, मांडणीचं आहे. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे आपल्यासारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय लावलीय का ते आधी बघा, नसेल तर वेलांटी चुकीच्या जागी आणि जोडाक्षरं सुटलेली. आणि शेवटच्या प्रुफात ज्या दुरुस्त्या होतात त्या इनडिझाइनमध्येच होतात, तुमच्या वर्डच्या फाइलमध्ये त्या येत नाहीत, हे लेखकांना कुणी सांगतच नाही.

शुद्धलेखन तपासणी, सूची, क्ष आणि ज्ञ चा क्रम हे राहिलं, चहाच्या वेळी विचारा. एवढं मात्र आज घेऊन जा. प्रकाशकाशी करार करताना एक ओळ घाला, की छपाईनंतर अंतिम मजकूर युनिकोडमध्ये, संपादन करता येईल अशा फाइलमध्ये लेखकाला मिळेल. नुसती पीडीएफ घेऊ नका, तिच्यातून मराठी कॉपी करून बघितलीय ना तुम्ही, काय अवस्था होते. अनुवादक असाल तर तुमच्या करारात पण घाला, डीटीपीवाल्यांनो, तुम्ही न मागता द्या. त्या ओळीचा नमुना मी छापून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय.