तीन महिने गाडीला हात नाही

[दृश्य: सीताबर्डी, व्हेरायटी चौक. संध्याकाळची गर्दी. सिग्नल लाल, तरी एक दुचाकी सुटते. पुढे शिट्टी.]

निवेदन:

शिट्टी वाजली, गाडी बाजूला लागली, की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘साहेब, चालान कितीचं?’ हिशोब रुपयांचा. भरून टाकायचं, नाहीतर मोबाइलवर आलेला मेसेज तसाच पडू द्यायचा. पण कायद्यात आणखी एक शिक्षा आहे आणि ती महिन्यांत मोजतात. लायसन्स निलंबित. तेवढे दिवस कार नाही, बाइक नाही, शेजाऱ्याची मोपेडसुद्धा नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. लायसन्स काढून घ्यायची तरतूद त्यात पहिल्यापासून होती, पण वापर बेताचाच. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं राज्यांना सांगितलं: सिग्नल तोडणं, अतिवेग, दारू पिऊन गाडी चालवणं, गाडी चालवताना मोबाइल, ट्रकमध्ये जादा माल, मालवाहू गाडीत माणसं, यातलं काही आढळलं तर किमान तीन महिने लायसन्स बंद. मग २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २०६ मध्ये भर पडली. ठरावीक गुन्ह्यांत पोलिसानं लायसन्स ताब्यात घेऊन पुढे पाठवायचंच. त्या यादीत अतिवेग आणि दारू आहे, फुटाळ्याच्या रस्त्यावर रात्री लागणाऱ्या शर्यती आहेत, अँब्युलन्सला वाट न देणं आहे. आणि ट्रिपल सीट, विनाहेल्मेट हेही आहे. हे ऐकून अर्धं नागपूर दचकेल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की हेल्मेट डोक्यावरून आरशावर जातं, त्याची किंमत फक्त दंड नाही. कायद्याच्या पुस्तकात तिथं तीन महिन्यांची अपात्रताही लिहिली आहे.

[दृश्य: गिरीपेठ, आरटीओ कार्यालयाबाहेर. फायली घेतलेली माणसं, झाडाखाली चहाची टपरी.]

आता एक गैरसमज. चौकातला पोलीस लायसन्स निलंबित करत नाही. त्याला तो अधिकारच नाही. तो ते घेतो आणि आरटीओकडे पाठवतो. लायसन्सचा नंबर एमएच ३१ नं सुरू होत असेल तर नागपूर शहर, ४० असेल तर ग्रामीण, ४९ असेल तर पूर्व. निर्णय आरटीओ देतं, तोही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. कलम १९ तसं स्पष्ट सांगतं: आधी बाजू मांडायची संधी, मग कारणं लिहून आदेश. पहिल्यांदा तीन महिने. पुन्हा तेच केलं तर लायसन्स थेट रद्द. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. आमच्या मते लोकांचं खरं नुकसान इथं होतं. नोटीस आली की माणूस एजंटाच्या मागे धावतो, पण आपली बाजू कागदावर मांडायला जात नाही.

‘माझं लायसन्स फोनमध्ये आहे, ते कसं जप्त करणार?’ असंही कोणी विचारतं. २०१८ पासून डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं, हे खरं. पण जप्तीची नोंदही ऑनलाइनच होते, आणि घरच्या कपाटातलं प्लॅस्टिकचं कार्ड त्या नोंदीपुढे काही कामाचं नाही.

दारूचं प्रकरण वेगळं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की जागेवर पैसे भरून सुटका नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. आणि आरटीओप्रमाणे कोर्टालाही लायसन्स बंद करता येतं.

[दृश्य: वाडी, अमरावती रोड. ओळीनं उभे ट्रक, गोदामांची शटरं.]

तीन महिने कागदावर सगळ्यांना सारखेच. रामदासपेठेतल्या बंगल्यात ड्रायव्हर ठेवता येतो, म्हणजे साहेबांची फक्त सीट बदलते, पुढची मागे. वाडीच्या गोदामातून माल घेऊन निघणाऱ्या ट्रकवाल्याचं, स्टेशनबाहेरच्या ऑटोवाल्याचं, जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराचं मात्र कामच थांबतं. म्हणून शिक्षा नको, असं नाही. थकलेल्या ड्रायव्हरच्या हातात भरधाव ट्रक असेल तर समोरच्याच्या जिवालाही मोल आहे. पण ट्रिप वेळेत पोचव म्हणून फोनवर फोन करणाऱ्या मालकाचं लायसन्स कोणी मागत नाही, हेही तितकंच खरं.

मग बरेच जण काय करतात? चालवतच राहतात. निलंबित लायसन्सवर गाडी चालवताना सापडलं तर कलम १८२: तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्यानं माहीत असून त्याला गाडी दिली, तो मालकही अडकतो. आणि या काळात अपघात झाला तर? जखमीला विमा कंपनी भरपाई देते, आणि मग तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. अशा दाव्याचा आकडा लाखांत गेला, तर चौकातलं चालान चिल्लर वाटतं.

तीन महिने संपले म्हणजे कार्ड आपोआप हातात येत नाही. दुरुस्त कायद्यानुसार आधी रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण करायचं, मग लायसन्स परत.

[दृश्य: ट्यूशन क्लासबाहेर दुचाक्यांची रांग. शाळेच्या गणवेशातली मुलं.]

ज्यांच्याकडे लायसन्स नाहीच, त्यांच्यासाठी कलम १९९अ आहे. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. दहावीच्या पोराला कौतुकानं चावी दिली, तर ते पोरगं इंजिनिअर होऊन नोकरीला लागेल तरी मित्राच्या मागे बसूनच जाईल.

‘आमच्या मुलाकडे लर्निंग आहे’ असं सांगणारे पालकही भेटतात. सोळाव्या वर्षी लर्निंग मिळतं, बरोबर. पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. या रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या ११० आणि १२५ सीसीच्या आहेत.