टकळी, पोळपाट आणि खिडकीचा गज

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे देवघर असलेल्या घरात कापूस असतोच. रोजच्या वाती, फुलवाती, गणपतीची वस्त्रं. बोटाला जरा दूध नाहीतर भस्म लावून कापूस पिळला की वात होते. ज्याला वात वळता येते, त्याला सूतकताई निम्मी येते, असं मी खुशाल म्हणते. उरलेली निम्मी म्हणजे एका हातानं पीळ देत राहायचं आणि दुसऱ्या हातानं कापूस सोडत राहायचं. सांगायला सोपं, पण हात बसेपर्यंत चिडचिड होते, हे आधीच सांगून ठेवते.

सूत काततो म्हटलं की लोक पहिल्यांदा चरखा शोधायला निघतात. पेटी चरखा दिसतोही मोठा देखणा. गांधीजींच्या येरवड्याच्या तुरुंगवासात त्याला आकार आला, म्हणून त्याचं नाव येरवडा चरखा. आत एक मोठं आणि एक लहान अशी दोन चाकं असतात. मोठं चाक लहानाला पळवतं आणि लहान चाक चातीला, म्हणजे जिच्यावर सूत पिळलं जातं त्या सळईला. त्यामुळे हात सावकाश फिरवला तरी चाती भिंगरीसारखी फिरते. पण नवशिक्याला हीच गती नडते. पीळ इतका चढतो, की कापूस सोडायच्या आत धागा कुरळा होऊन तुटतो. तेव्हा चरखा मागाहून घ्या. आधी टकळी, म्हणजे बोटांनी फिरवायची छोटी चाती.

तुमच्यापैकी काहींनी ती शाळेत फिरवली असेल. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायची गांधीजींची पद्धत, पुढे आली आणि टकळी वर्गात शिरली. पुढे कित्येक शाळांत सूतकताईचा तास असे. मास्तर बघत नसले की तासाला कताईपेक्षा टकळ्यांच्या शर्यतीच जास्त रंगत, असं त्या पिढीतले लोक सांगतात.

टकळी घरी करता येते. सायकलवाल्याकडून एक जुना स्पोक आणा. त्याचं एक टोक मुळातच वाकलेलं असतं. त्यावरची चपटी टिकली कानशीनं घासून काढा, पकडीनं टोक आणखी थोडं वळवा, म्हणजे आकडा तयार. आकड्यापासून वीतभर ठेवून बाकीचा स्पोक कापून टाका आणि खालचं टोक घासून निमुळतं करा. हार्डवेअरच्या दुकानात रुपयाएवढा जाड वॉशर मिळतो. तो खालून दोन बोटं वर एम-सीलनं बसवा. एम-सील ओलं असतानाच टकळी वाटीत फिरवून बघा. डुलत असेल तर वॉशर जरा सरकवा. सुकल्यावर काही करता येत नाही.

आता कापूस. औषधाच्या दुकानातला कापूस नको. उकळून, धुऊन त्याच्यातलं नैसर्गिक मेण काढलेलं असतं, तो नीट ओढलाच जात नाही. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात कुणी ओळखीचं असेल तर झाडावरची चार बोंडं मागवा. सरकी काढायला पोळपाट आणि विणकामाची लोखंडी सुई पुरते. चिमूटभर कापूस पोळपाटावर ठेवायचा, सुई त्याच्यावर दाबून पुढे लाटायची. सरकी टुणकन पुढे उडते, कापूस मागे राहतो. लहान मुलं घरात असतील तर या कामाला माणसं कमी पडत नाहीत. मग कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घ्या, अर्थात नवे, आणि कापूस त्यांच्यात विंचरा. पेन्सिलीवर गुंडाळून पेन्सिल काढून घेतली की पेळू, म्हणजे कातायची कापसाची गुंडाळी, झाला.

टकळी वाटीत टेकवूनच फिरवायची. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर असतो, टकळी अधांतरी सोडली तर तिच्या वजनानंच कोवळा धागा तुटतो. लोकरीचे तंतू लांब, म्हणून लोकरीला लोंबती टकळी चालते. धाग्यात एक गंमत बघायला मिळते. पीळ आधी बारीक जागी धावतो, जाड जागा सैलच राहते. ती सैल गाठोडी दोन्ही बाजूंनी हलकेच ओढली की बारीक होते, आणि मग पीळ तिथेही शिरतो. हे डोळ्यांना दिसायला लागलं की धागा तुटणं कमी होतं.

एकेरी धागा कच्चा असतो, म्हणून दोन धागे एकत्र घेऊन उलट्या दिशेनं पिळायचे. हे आपल्याकडे नवं नाही. जानव्याचं सूत कित्येक घरांत टकळीवरच निघे. चार बोटांभोवती 96 वेढे घ्यायचे, तिपेडी पीळ द्यायचा, पुन्हा तिप्पट करायची. म्हणजे एका दोऱ्यात नऊ तंतू. ते सहजासहजी तुटत नाही, त्याचं कारण या उलटसुलट पिळात आहे.

सूत झालं, आता विणायचं काय? साडीच्या गोष्टी सोडा. नाडी विणा, नाहीतर पिशवीचा बंद. त्याला माग आइस्क्रीमच्या काड्यांचा. प्रत्येक काडीच्या मध्यावर भोक पाडा, काड्या थोड्या थोड्या अंतरानं उभ्या ठेवून वर-खाली आडव्या पट्ट्यांना चिकटवा. एक दोरा भोकातून, पुढचा दोन काड्यांमधल्या फटीतून, असा ताणा, म्हणजे उभे दोरे, ओवायचा. ताण्याचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं जुन्या ओढणीनं स्वतःच्या कमरेला. मागे रेललं की ताणा ताठ, पुढे झुकलं की सैल. ईशान्येकडे, नागालँड-मणिपुरात, बायका असा कमरेचा माग लावून सुरेख शाली विणतात. काड्यांची चौकट वर उचलली की दोऱ्यांमध्ये एक वाट उघडते, खाली दाबली की दुसरी. प्रत्येक वाटेतून आडवा दोरा घालायचा आणि पट्टीनं ठोकायचा.

पहिल्यांदा ताणा मिलच्या दोऱ्याचा घ्या, बाणा, म्हणजे आडवा दोरा, आपल्या सुताचा. हातसुताचा ताणा घ्यायचाच असेल तर त्याला खळ लागते. आपले घोंगडी विणणारे चिंचोक्याची खळ लावतात. घरी भाताच्या पेजेवर भागतं, फक्त दोरे वाळेपर्यंत मुंग्यांकडे लक्ष ठेवा.

आणि हो, नाडी पहिल्या धुण्यात आटते. वीतभर जास्तच विणा.

नमस्कार.