आधी काटा, मग पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मृग नक्षत्र आता तोंडावर आले आहे. छत्र्यांच्या काड्या तपासून झाल्या असतील, मुलांच्या रेनकोटांना या वर्षी बाह्या पुरतात की नाही हेही बघून झाले असेल. आज मात्र मी ज्यांच्यासाठी बोलणार आहे, त्यांना छत्रीचा उपयोग नाही. वनरक्षक, वनमजूर, गुरांमागे डोंगर चढणारे गुराखी, रानात वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या नोंदी करणारे विद्यार्थी, या सगळ्यांना सह्याद्रीच्या ऐन पावसात झुडपांतून वाट काढावी लागते. त्यांनी अंगावर काय घालावे आणि ते किती वर्षे टिकेल, हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न मुळात शिकाऱ्यांचा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले आणि ते संपले याचा मला मनापासून आनंद आहे. पण रान तेच आहे, पाऊस तोच आहे आणि करवंदीच्या, तोरणीच्या, शिकेकाईच्या जाळ्याही त्याच आहेत. शिकाऱ्याला दबक्या पावलांनी आणि कोरड्या अंगाने जे रान ओलांडायचे असे, तेच आज नोंदवही घेतलेल्या मुलीला ओलांडायचे असते. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवते, आणि पुढेही ती पुन्हा सांगणार आहे. झुडपी रानासाठी कपडा निवडताना आधी काट्याचा विचार करावा, मग पाण्याचा. आधी काटा, मग पाणी.

हे मला कोणत्याही दुकानदाराने शिकवले नाही. 2011 च्या जुलै महिन्यात, आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात, मी दाजीपूरच्या रानात गेले होते, तिथे मी हे शिकले. कोल्हापूरच्या छत्रपतींचे हे एके काळी राखलेले शिकारीचे रान. 1958 साली त्याचे अभयारण्य झाले आणि आज आपण त्याला राधानगरी अभयारण्य म्हणतो. गव्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मी त्या वेळी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि जमिनीवर उगवणाऱ्या आमरींच्या, म्हणजे ऑर्किडच्या, नोंदी करायला, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, तिथे गेले होते.

आम्ही तिघे होतो. एक तरुण वनरक्षक, जवळच्या धनगरवाड्यावरचे साठी ओलांडलेले एक मामा आणि मी. तिघांच्या अंगावर तीन तऱ्हेचे कपडे होते. वनरक्षकाच्या अंगावर ताडपत्रीसारखा जाड, पीव्हीसीचा रेनकोट होता, जो घालून चालणाऱ्याला घाम फुटल्यावाचून राहत नाही. मामांच्या डोक्यावरून घोंगडीची खोळ होती, गुडघ्यापर्यंत धोतर आणि पायात पायताण. माझ्या अंगावर भाच्याने परदेशातून आणलेले जाकीट होते. ते घडी घालून मुठीत मावत असे, आणि त्याच्या लेबलावर 20,000 मिलिमीटर असा आकडा लिहिलेला होता. मामांनी त्याची बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली आणि म्हणाले, "बाई, झाक हाय. पर रानात न्हाई टिकायचं."

पहिला तासभर मामांचे म्हणणे मला पटले नाही. आम्ही सड्यावरून चालत होतो. उघडा कातळ, आडवा पाऊस, कानात वारा, आणि जाकिटाच्या आत मी अगदी कोरडी होते. सडा संपला आणि आम्ही रानात उतरलो, तेव्हा सगळेच बदलले. खांद्याएवढी करवी दोन्ही बाजूंनी दाटलेली होती आणि तिचे प्रत्येक पान आपल्या वाटणीचे पाणी आमच्या छातीवर आणि मांड्यांवर ओतत होते. पाऊस मध्येच थांबला तरी हे पाणी थांबत नव्हते. वारा मात्र पडला होता. अर्ध्या तासात माझा सुती सदरा आतून चिंब झाला. जाकीट कुठेही फाटलेले नव्हते, कुठेही गळत नव्हते. ते पाणी माझ्याच घामाचे होते.

मग धुके उतरले, इतके दाट की पुढे चालणाऱ्या मामांची नुसती खोळ दिसत होती. एकाएकी ती खोळ थांबली आणि मामांनी हात वर केला. आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. मला काही दिसेना, म्हणून टोपीची कड मागे सारायला मी हात उचलला, आणि बाही करवीच्या खोडावर घासली. त्या पातळ नायलॉनचा आवाज त्या शांततेत एखादा कागद टराटरा फाडल्यासारखा झाला. समोर पंधरा पावलांवर धुक्यातला एक काळा भाग हलला आणि नाकातून सोडलेला मोठा फुत्कार ऐकू आला. तो गवा होता, एकटा नर. मामा त्याच्याकडे पाठ न करता मागे सरकले आणि हाताने आम्हाला डावीकडे लोटत राहिले. त्यांच्या घोंगडीचा या सगळ्यात एकदाही आवाज झाला नाही, हे मला आजही आठवते. लोकर खोडावर घासते, पण बोलत नाही.

डावीकडे तोरणीची आणि शिकेकाईची जाळी होती. गवा झाडे मोडत उतारावर निघून गेला, आणि मी त्या जाळीत अडकून राहिले. तोरणीचा आणि शिकेकाईचा काटा आकड्यासारखा वळलेला असतो. तुम्ही पुढे ओढाल तितका तो खोल शिरतो. घाबरलेल्या माणसाने जे करू नये तेच मी केले. अंग पुढे झोकून दिले. खांद्यापासून कोपरापर्यंत जाकीट उभे चिरले. मामा मागून म्हणाले, "बाई, वडाताण करू नगा. आल्या वाटंनं मागं सरा, मंग सोडतोय त्यो काटा." मी एक पाऊल मागे घेतले आणि उरलेले सगळे काटे आपोआप सुटले. श्रोतेहो, रानात जाणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. काट्याने धरले की पुढे ओढू नये, मागे सरावे.

परतीच्या वाटेवर ओढा चढला होता. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पार केलेला ओढा आता लाल पाण्याने फुगला होता आणि त्यातून दगड गडगडल्याचा आवाज येत होता. मामांनी साफ नकार दिला आणि आम्हाला एका कपारीत नेऊन बसवले. तिथे आम्ही अडीच तास बसलो. चालणे थांबल्यावर अंगातली ऊब दहा मिनिटांत निघून गेली. फाटक्या बाहीतून वारा शिरत होता आणि भिजलेला सुती सदरा त्वचेला चिकटून उरलीसुरली ऊब शोषून घेत होता. पेन्सिल बोटांत धरवेना. मी काहीतरी विचारायला गेले, तर शब्द अडखळत बाहेर आले. हवेत 20 अंश तापमान असतानाही भिजलेले माणूस असे गारठून जाते, आणि बोलणे अडखळू लागले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

मामांनी हे ओळखले. त्यांनी घोंगडी काढली, एक टोक वनरक्षकाच्या हाती दिले, दोघांनी ती पिळली, दोनदा झटकली आणि माझ्या खांद्यांवर टाकली. तिला मेंढरांचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. ती ओलीच होती. तरीही थोड्या वेळात माझी थरथर थांबली. वनरक्षकाने आपला रेनकोट काढून कपारीच्या तोंडाशी दगडांखाली ताणून अडकवला आणि त्याच्या आडोशाला ते दोघे बसले. मी तो रेनकोट तिथे बसून नीट पाहिला. त्याच जाळीतून तोही गेला होता. त्यावर काट्यांचे पांढरे ओरखडे होते, काखेत शिवण थोडी उसवली होती, एक बटण गेले होते. पण कापड एका जागीही फाटले नव्हते.

त्या अडीच तासांत मला जे कळले ते थोडक्यात सांगते.

लेबलावरचा तो मिलिमीटरचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते गळू लागेल, याचे माप असते. 10,000 मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंचीचा स्तंभ. हे माप खरे असते, पण ते न फाटलेल्या कापडाचे माप असते. काट्याने केलेल्या छिद्राला त्या आकड्याची माहिती नसते. म्हणून दुसरा एक आकडा विचारावा, तो म्हणजे डेनियर. 9,000 मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. मुठीत मावणारी जाकिटे बहुधा 20 ते 40 डेनियरच्या धाग्याची असतात. पाठीवरच्या दणकट पिशव्यांचे कापड 400 ते 600 पर्यंत जाते. झुडपी रानासाठी, माझ्या मते, 200 च्या खालचे कापड घेऊच नये. आधी काटा, मग पाणी.

आता घामाविषयी. महाग जाकिटांच्या कापडात एक पातळ पडदा असतो, जो पावसाचा थेंब अडवतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. 1969 साली अमेरिकी संशोधक बॉब गोर यांना टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक झटक्यात ताणले की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात असे आढळले, आणि त्यातूनच हे तंत्र निघाले. पण वाफ बाहेर जाते ती आतल्या हवेत ओलावा जास्त आणि बाहेरच्या हवेत कमी असेल तेव्हाच. अमेरिकेच्या वायव्य भागात, ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या किनारी डोंगरांत, लोक नोव्हेंबरच्या थंड पावसात रूझवेल्ट एल्क नावाच्या मोठ्या हरणांच्या शिकारीला जातात; तिथेही ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या आहेत. तिथली हवा गार असते, म्हणून हा पडदा थोडेफार काम करतो. तरी तिथले जुने शिकारी मेण चोपडलेल्या जाड कापडावर आणि लोकरीवर विश्वास ठेवत आले आहेत. आपल्या जुलैत हवा उबदार असते आणि ओलाव्याने गच्च भरलेली असते. इथे वाफेला जायला जागाच उरत नाही. त्या पडद्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. मेणाचे कापडही आपल्याकडे नेऊ नये. दमट हवेत त्यावर बुरशी चढते आणि ते फार उकडते.

त्यापेक्षा सैल, जाड, पीव्हीसी किंवा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, लेप दिलेल्या पॉलिस्टरचा कोट घ्यावा, ज्याला काखेत उघडता येणारी झडप असेल आणि पाठीवर आडव्या पट्टीखाली हवेला वाट असेल. आपण घामाने भिजणार, हे धरूनच चालावे. म्हणून आतला कपडा कधीही सुती नसावा. पातळ लोकर किंवा सिंथेटिक बनियन असावे. लोकरीचा धागा कुरळा असतो, भिजल्यावरही तो चपटा होत नाही आणि त्याच्या वळ्यांत हवा अडकून राहते. ती हवाच ऊब धरते.

घोंगडीबद्दल बोलल्यावाचून मला राहवत नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी ही आपल्या डोंगराची स्वतःची वस्तू आहे. आज या लोकरीला दर नाही, सणगरांची मुले मागावर बसत नाहीत, आणि आपण मात्र परदेशी लोकरीचे बनियन हजारो रुपयांना घेतो. रानात काम करणाऱ्या प्रत्येकाने एक घोंगडी घ्यावी असे मला वाटते. दिवसभराच्या पावसात ती पाणी पिऊन फार जड होते, म्हणून ती अंगावर घेऊन चालण्याचा आग्रह मी धरत नाही. तिचा अर्धा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठीवर ठेवावा, थांबावे लागेल त्या वेळेसाठी.

कमरेखालचे कपडे बहुतेक जण विसरतात. झुडपी रानात वरून पडणाऱ्या पावसापेक्षा पानांवरचे पाणी जास्त भिजवते, आणि ते मांडीपासून छातीपर्यंत लागते. म्हणून कोटापेक्षा विजार जाड असावी आणि तिला गुडघ्यावर दुहेरी कापड असावे. लावणीच्या वेळी बाया कमरेला प्लास्टिकचे पोते गुंडाळतात, तेही रानात उत्तम चालते. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे विजारीवरून बांधावेत.

खरेदी करताना बाही दोन बोटांत चोळावी आणि कानाजवळ नेऊन आवाज ऐकावा. जो कोट दुकानात कुरकुरतो तो रानात ओरडतो. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहावे. आणि पावसाळा संपला की कोट ओला घडी करून ट्रंकेत टाकू नये. लेपाचे पापुद्रे निघतात ते बहुधा त्या ट्रंकेतच. सौम्य साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, खुंटीला मोकळा टांगून ठेवावा.

कापड फाटले तर काय करावे, ते मला मामींनी दाखवले. त्या संध्याकाळी ओढा उतरल्यावर आम्ही धनगरवाड्यावर पोचलो, तेव्हा मामींनी माझे जाकीट मागून घेतले. जुन्या ताडपत्रीचा एक तुकडा चिरेवर ठेवून त्यांनी तो दाभणाने आणि जाड दोऱ्याने शिवला, चुलीजवळ मधाच्या पोळ्याचे मेण मऊ केले आणि अंगठ्याने प्रत्येक टाक्यात भरले. पुढे काही वर्षांनी त्या जाकिटाचा लेप आतून पापुद्र्यांनी सुटून गेला. मामींची शिवण मात्र अजून एका टाक्यालाही उसवलेली नाही.

नमस्कार.