सिनोवुयो: 14 आठवड्यांचा पालकवर्ग

नमस्कार, श्रोतेहो. मुलांना मारू नका, असे पालकांना बजावणारे पुष्कळ असतात. पण मारायचे नाही, तर संतापाच्या त्या क्षणी करायचे काय, हे सहसा कोणी शिकवत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील ‘सिनोवुयो टीन’ हा पालकवर्ग नेमका तेथून सुरू होतो. खोसा भाषेतील या नावाचा अर्थ ‘आमच्याकडे आनंद आहे’ असा होतो.

गरिबी आणि एचआयव्ही यांनी पिचलेल्या त्या भागात अनेक मुले आजीच्याच पदराखाली वाढतात. आई, आजी किंवा जो कोणी सांभाळ करत असेल तो आणि 10 ते 18 वर्षांचे मूल, असे दोघांनी आठवड्यातून एकदा यायचे. 14 सत्रांपैकी 10 सत्रांना दोघे एकत्र बसत, तर 4 सत्रे वेगवेगळी होत. ज्यांना येणे जमले नाही त्यांच्या घरी जाऊन तो भाग सांगितला जाई. व्याख्यान फारसे नसे. घरातले भांडण सर्वांसमोर वठवून पाहायचे, राग चढू लागला की थांबून श्वास घ्यायचा, मुलाने केलेले चांगले काम नाव घेऊन वाखाणायचे, असा सगळा सराव होता. त्यात घरखर्चाचा मेळ आणि बचतही शिकवत. पालकवर्गात हिशेब कशाला, असे वाटेल. पण महिनाअखेरीची ओढाताण मुलाच्या पाठीवर कशी उतरते, हे आपल्या घरांनाही अपरिचित नाही.

ऑक्सफर्डच्या ल्यूसी क्लुव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 वस्त्यांतील 552 कुटुंबांमध्ये याची चाचणी घेतली आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्ग संपल्यानंतर 5 ते 9 महिन्यांनी, वर्गाला आलेल्या पालकांनी दिलेल्या उत्तरांत मारहाण इतरांपेक्षा बरीच कमी आढळली. मुलांच्या उत्तरांत मात्र मारहाणीबाबत तसा फरक दिसला नाही. घरचे आता अधिक लक्ष घालतात, यावर दोघांचेही एकमत होते.

ही विसंगती संशोधकांनी लपवली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वर्गात शिकलेला पालक कदाचित अपेक्षित उत्तर देत असेल, किंवा एखादा जुना फटका मुलाच्या मनातून अजून गेला नसेल; केवळ आकड्यांवरून याचा निवाडा होत नाही. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील छडीला मनाई केली, पण घरातला मार त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्या घरांसाठी असे वर्ग निघाले, तर ते उपयोगी पडले का, हे मुलांनाही विचारावे, आणि विचारताना पालक शेजारी बसलेले नसावेत.