जुना व्हिडिओ गेम सुरू होत नाही? आधी अडॅप्टरवर संशय घ्या

नमस्कार. सोलापुरात जुन्या सामानाच्या बाजारात, किंवा एखाद्या घराचा पोटमाळा रिकामा होत असताना, नव्वदच्या दशकातला कॅसेटवर चालणारा व्हिडिओ गेम आजही हाती लागतो, आणि विकणारी व्यक्ती बहुधा एवढेच सांगते की ‘चालू आहे, फक्त अडॅप्टर सापडत नाही’. माझ्यासमोरचे हे यंत्र त्याच जातीचे आहे. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. आपल्याकडे त्या काळी मुले ज्यांवर खेळत, त्यांपैकी कितीतरी यंत्रे त्याच्याच नकला होत्या. असे यंत्र टीव्हीला जोडल्यावर पडदा काळा राहिला, तर मुख्य चिपवर सर्वांत शेवटी संशय घ्यावा आणि बाहेरून येणाऱ्या विजेवर सर्वांत आधी.

म्हणून घरी आणलेले यंत्र लगेच विजेला जोडू नका; ते उलटे करून तळावरचा मजकूर वाचा. किती व्होल्ट लागतात, डीसी की एसी, आणि पिनच्या मध्यभागी धन टोक हवे की ऋण, हे तेथे बहुतेक वेळा छापलेले असते. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरमध्ये मध्यभागी ऋण टोक असते आणि अनेक नकलांनी तीच पद्धत ठेवली, पण सगळ्यांनी नाही. याउलट घरात पडून असलेला सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा अडॅप्टर सहसा मध्यभागी धन टोकाचा आणि बरेचदा १२ व्होल्टचा असतो. त्याची पिन या यंत्रात नेमकी बसते, आणि बसते म्हणूनच घात होतो. एकाच कंपनीच्या यंत्रांतही हा फरक आढळतो: सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हला मध्यभागी ऋण लागते, तर दुसऱ्या आवृत्तीला धन. परदेशातून आलेल्या यंत्राबाबत आणखी एक सावधगिरी हवी, कारण जपानमधला जुना अडॅप्टर १०० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि तो आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतो.

अडॅप्टर योग्य असूनही लाल दिवा लागत नसेल, तर पिन काढून ठेवा आणि मगच झाकणाचे स्क्रू खोला. सोलापुरात, विशेषतः यंत्रमागाच्या परिसरातल्या घरांतून आलेल्या यंत्रात, धुळीबरोबर सुताचा बारीक कापूसही निघतो. तो मऊ ब्रशने झाडून घ्या.

[बोर्डाचे जवळून दृश्य]

ही तीन पायांची, पाठीला धातूची पट्टी असलेली वस्तू म्हणजे ७८०५ रेग्युलेटर. अडॅप्टरकडून आलेले ९ व्होल्ट उतरवून ५ व्होल्ट करणे एवढेच तिचे काम आहे, आणि माझ्या मते संपूर्ण यंत्राची प्रकृती येथेच कळते. आता पुन्हा वीज जोडून मल्टिमीटरची (व्होल्ट मोजण्याच्या यंत्राची) काळी पिन मधल्या पायाला लावा आणि लाल पिन आधी डाव्या, मग उजव्या पायाला लावा. छापील अक्षरे आपल्याकडे असताना डावा पाय आवक आणि उजवा जावक असतो. पिना टेकवताना दोन पाय एकमेकांना जोडले जाणार नाहीत, एवढी काळजी घ्या. डावीकडे काहीच येत नसेल, तर दोष अडॅप्टरची वायर, पिनेचे सॉकेट किंवा चालू-बंद करण्याचे बटण यांच्यापैकी एकात आहे, आणि सॉकेटचे सोल्डर तडकलेले असणे ही त्यातली नेहमीची गोष्ट आहे. जुना ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर भार नसताना ९ ऐवजी १२–१३ व्होल्ट दाखवतो. तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

डावीकडे पुरेसे व्होल्ट असतील आणि उजवीकडे ४.८ ते ५.२ च्या दरम्यान आकडा दिसला, तर रेग्युलेटर ठीक आहे. उजवीकडे जेमतेम एक-दोन व्होल्ट येत असून रेग्युलेटर हात लावता येणार नाही इतका तापत असेल, तर तो बदलण्याची घाई करू नका, कारण त्याच्या पुढे कोठेतरी शॉर्ट आहे आणि नवा रेग्युलेटरही तसाच तापेल. उजवीकडे आठ-नऊ व्होल्ट मिळाले, तर मात्र वीज ताबडतोब बंद करा. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला आहे आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपांनी तो दाब सोसला असण्याची शक्यता कमी आहे. हा सुटा भाग अगदी किरकोळ किमतीत मिळतो. गावात कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘७८०५’ एवढे सांगितले तरी पुरते.

चित्र येते पण त्यावर आडवे पट्टे सरकतात आणि टीव्हीतून घूं असा आवाज येतो, अशी तक्रार असेल, तर रेग्युलेटरजवळच्या मोठ्या कपॅसिटरकडे, म्हणजे विजेचा चढउतार सपाट करणाऱ्या नळकांडीसारख्या भागाकडे, पाहा. आतला द्रव उष्णतेने सुकतो, आणि ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेथे पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेल्या यंत्रातला कपॅसिटर सुकलेला निघाला, तर नवल नाही. नवा बसवताना मायक्रोफॅरडचा (µF, म्हणजे क्षमतेचा) आकडा तोच ठेवा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा अधिक घ्या आणि अंगावरची पट्टी ऋण बाजूला येईल याची खात्री करा.

वीज ठीक असताना पडद्यावर मुंग्याच दिसत असतील, तर टीव्हीकडे वळा. अँटेनाच्या वायरीने जोडलेला गेम नव्या टीव्हीवर शोधताना डिजिटल नव्हे तर अॅनालॉग शोध निवडावा लागतो, आणि त्या वेळी कॅसेट लावून गेम चालू ठेवावा लागतो. पिवळी-पांढरी वायर असेल तर ती वापरा. चित्र स्वच्छ येते. चित्र कृष्णधवल आले, तर टीव्हीची निवड ‘कंपोनंट’वर (चित्र तीन तारांतून घेण्याच्या प्रकारावर) राहिली आहे का ते तपासा, कारण अनेक टीव्हींत पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्येच लावतात आणि ते सॉकेट साध्या एव्हीसाठी व ‘कंपोनंट’साठी, अशा दोन्ही कामांसाठी असते.

कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय आपण सर्वांनी लहानपणी जोपासली, पण फुंकरीतला ओलावा पिनांना गंज चढवतो. फरक पडत असे तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दोन्ही बाजूंच्या मिळून ६० पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या. या कॅसेटमध्ये खेळाच्या प्रोग्रॅमच्या तारा वेगळ्या आणि चित्रांच्या तारा वेगळ्या असतात, त्यामुळे संगीत नीट वाजत असताना पडद्यावर चौकटींचा गोंधळ दिसला, तर चित्रांच्या बाजूची एखादी पिन टेकत नाही असे समजावे. तोच गोंधळ प्रत्येक कॅसेटला दिसत असेल, तर कॅसेट सोडून यंत्राचा स्लॉट स्वच्छ करा.

रिमोटचे निदानही तर्काने होते. आठही बटणांची माहिती एकामागून एक एकाच तारेवरून जात असल्याने सगळीच बटणे मेली असतील तर वायर तुटली आहे, आणि ती बहुधा रिमोटच्या तोंडाशीच तुटते; एकच बटण मेले असेल तर त्याखालचे रबर आणि काळा ठसा पुसून पाहा. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट नसणे हा दोष नाही, फॅमिकॉमची रचनाच तशी होती. बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर चालत नाही, कारण ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाच्या वेळेवर अवलंबून असते. तिच्यासाठी गेम उघडण्याची गरज नाही.

आता उरतो तो बोर्डावरचा काळा गोळा. स्वस्त नकलांमध्ये मुख्य चिप अशा डांबरासारख्या थराखाली बसवलेली असते आणि ती बदलता येत नाही. ५ व्होल्ट बरोबर आहेत, स्लॉट स्वच्छ आहे, दुसऱ्या यंत्रावर चालणारी कॅसेटही लावून पाहिली आणि तरीही पडदा काळाच राहिला, तर दुरुस्तीवर आणखी पैसे घालू नयेत. स्लॉट, बटणे, रिमोट आणि रेग्युलेटर काढून एका डब्यात ठेवा. पुढच्या यंत्राला हे भाग उपयोगी पडतात.